'कर्टन'पर्यंत पोचताना

अगाथा ख्रिस्तीच्या डिटेक्टिव्हचा, पॉयरोचा शेवटचा भाग बघायचा तर आधीचे सगळे ओळीने बघूनच, ही अट मी घातली तेव्हा आत्याने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "मला आता कुठे ड्यूटीवर जायचंय," म्हणाली आणि चष्मा पुसून बसली. 'अगाथा ख्रिस्तीज पॉयरो' ही ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीची मालिका ८ जानेवारी १९८९ रोजी सुरू झाली आणि १३ नोव्हेंबर २०१३ रोजी 'कर्टन' दाखवून संपली. १३ पर्वं, ७० भाग, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पॉयरो एकच, डेव्हिड सूशे. बेचाळिशीतला नट सदुसष्ट वर्षांचा होईपर्यंत एकाच माणसाच्या मिशीआड राहिला. हे वय कॅमेऱ्याला दिसलंय, आणि शेवटच्या भागाची निम्मी ताकद त्यातच आहे. म्हणून ती अट.

पुढे मी शेवट सांगितलाय. कोण खुनी, कोण मेलं, सगळं. ज्यांनी अजून बघितलेलं नाही त्यांनी कृपा करून आधी बघून यावं.

मी तो भाग पूर्वी बघितला होता, कादंबरीही वाचलेली होती. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती जन्मभर सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. वॉर्ड, औषधं, नातेवाईक, रात्रपाळ्या यात आयुष्य गेलं. रहस्यकथा वाचायला तिला फुरसत कधी मिळाली नाही. पण माणूस बघायची तिची नजर अशी, की पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून रात्र कशी गेली ते सांगेल. इंग्रजी उच्चार पटापट कानात शिरत नाहीत म्हणून सबटायटल्स लावायची, मोबाइल आतल्या खोलीत ठेवायचे आणि संशय आला की मोठ्याने बोलायचं, एवढेच आमचे नियम. मी मात्र हो-नाही काही म्हणायचं नाही.

गणपतीनंतर सुरुवात केली. सुरुवातीचे भाग म्हणजे सण होता. तो सॅक्सोफोनचा तुकडा, पॉयरो राहतो ती व्हाइटहेवन मॅन्शन्सची गोलाईदार इमारत (लंडनच्या चार्टरहाउस स्क्वेअरमधलं फ्लोरिन कोर्ट), वेंधळा पण जिवाला जीव देणारा मित्र हेस्टिंग्ज, हॅट सांभाळणारा पोलीस इन्स्पेक्टर जॅप आणि पॉयरोची सेक्रेटरी मिस लेमन. आत्याचा जीव मिस लेमनवर जडला. तिची ती फायलींची व्यवस्था बघून म्हणाली, "ही आमच्या वॉर्डात असती तर केसपेपर कधी हरवले नसते." हेस्टिंग्ज काही बोलला की ती आधी हसायची आणि मग, "भला माणूस आहे हो," असं म्हणून त्याची बाजूही घ्यायची. हेस्टिंग्जचं हे भलेपण लक्षात ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

नवव्या पर्वापासून मालिकेचा चेहरामोहराच बदलतो. २००३ सालच्या 'फाइव्ह लिटल पिग्ज'पासून ती ठरलेली शीर्षकचित्रं नाहीत, ते तिघं जण नाहीत. पॉयरो एकटा पडलाय आणि उजेडसुद्धा उदास आहे. याच भागाची पटकथा केव्हिन एलियटची, आणि 'कर्टन'चीही त्याचीच. माझ्या मते संपूर्ण मालिकेत हे दोन भाग सर्वांत उंच आहेत. आत्याला मात्र मधली ही वर्षं जड गेली. मिस लेमन कुठे गेली हे ती सारखं विचारत राहिली. दहा वर्षांहून अधिक काळानंतर 'द बिग फोर'मध्ये तिघंही परत आले तेव्हा माहेरचं माणूस दारात दिसावं तशी ती खूश झाली.

पण 'कर्टन'ची खरी तयारी दुसऱ्याच एका भागात होते. २०१० च्या नाताळात दाखवलेला 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'. याच्या बाकीच्या आवृत्त्यांमध्ये पॉयरो खुन्यांना सोडून देतो ते जरा सहज, मनाने मोठा होऊन. सूशेचा पॉयरो तसा सोडू शकत नाही. कायदा मोडला तर खाली उरतंच काय, म्हणून तो त्या माणसांवर अक्षरशः ओरडतो. आणि शेवटी बर्फातून चालत निघतो तेव्हा हातात जपमाळ, डोळ्यांत पाणी. त्याने त्यांना जाऊ दिलेलं असतं, पण त्याची किंमत स्वतःच्या श्रद्धेतून मोजलेली असते. तो भाग संपल्यावर आत्या म्हणाली, "याला हे पचणार नाही." मी गप्प बसले. नियम होता.

'कर्टन'च्या आदल्या रात्री आम्ही १९९० सालचा 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' पुन्हा लावला. ही कल्पना आत्याचीच, कारण शेवटची गोष्ट त्याच स्टाइल्स नावाच्या घरात घडते एवढं मी सांगून ठेवलं होतं. ख्रिस्तीबाईंनी पॉयरोला जगासमोर आणलं ते १९२० साली, याच स्टाइल्सच्या कादंबरीत. आणि त्याचा शेवट लिहिला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. बॉम्ब पडत होते, आपलं काही बरंवाईट झालं तर पॉयरो अर्धवट राहू नये म्हणून लिहून, कुलपात ठेवून दिला. तो छापला गेला थेट १९७५ मध्ये. त्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर पॉयरोच्या निधनाची बातमी दिली, आणि पुढच्या जानेवारीत ख्रिस्तीबाई स्वतः गेल्या. म्हणजे शेवट तयार असूनही त्यांनी पुढची तीसेक वर्षं पॉयरोला चालवलं. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाईंनी इच्छापत्र आधी करून ठेवलं, आणि मग निवांत जगल्या."

'कर्टन' सुरू झाल्यावर पहिला धक्का बसतो तो पॉयरोला बघून. वजन उतरलेलं, चाकांची खुर्ची, बोटं वाकडी झालेली. सूशेने या भागासाठी मुद्दाम वजन कमी केलं होतं, आणि इतकी वर्षं पोटाला बांधलेली गादी इथे नाही. आत्या पुढे सरकून बसली. कथा बाजूलाच राहिली, तिने पेशंट बघायला सुरुवात केली. "हृदय गेलंय याचं. ओठ बघ." त्यानंतर बराच वेळ ती फक्त पॉयरोचे हात बघत होती.

स्टाइल्स आता पाहुण्यांसाठी चालवलेलं घर झालंय. कर्नल लट्रेल आणि त्यांची बायको डेझी ते चालवतात, आणि डेझी नवऱ्याला चारचौघांत टाकून बोलते. तिथे हेस्टिंग्जची मुलगी ज्युडिथ आहे, ती ज्यांच्याकडे संशोधनाला आहे ते डॉ. फ्रँकलिन, त्यांची सदा आजारी बायको बार्बरा, सर विल्यम बॉइड कॅरिंग्टन, बायकांच्या मागे असणारा अॅलर्टन, अबोल एलिझाबेथ कोल, नर्स क्रेव्हन, आणि गळ्यात दुर्बीण घालून पक्षी बघत फिरणारा, रक्ताला घाबरणारा मऊ माणूस, नॉर्टन. पॉयरो हेस्टिंग्जला बोलावून सांगतो की पूर्वीच्या पाच वेगवेगळ्या खुनांच्या आसपास एकच माणूस होता. त्याला 'एक्स' म्हणू. तो इथे आहे. नाव मात्र सांगणार नाही, कारण तुझा चेहरा काहीच लपवत नाही.

आत्याने इथे थांबवायला लावलं. तिचा पहिला प्रश्न 'एक्स'बद्दल नव्हताच. "तो जॉर्ज कुठे गेला?" जॉर्ज म्हणजे पॉयरोचा नेहमीचा सेवक. इथे त्याच्या जागी कर्टिस नावाचा आडदांड, अनोळखी माणूस आहे. कारण काय, तर जॉर्ज घरी गेलाय, वडील आजारी आहेत. आत्याला ते पटेना. "इतकी वर्षं अंगाखालचं अंथरूण ठाऊक असलेला माणूस शेवटच्या आजारात कोणी सोडतं का? निदान आठवडाभराने परत बोलावतं की नाही?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्या कोड्याची एक किल्ली तिच्या हातात आली होती. पॉयरोला चालता येत होतं, आणि हे जॉर्जपासून लपलं नसतं, म्हणून जॉर्जला दूर पाठवलेलं होतं.

'एक्स' मात्र तिला सापडला नाही. आधी अॅलर्टन, मग नर्स क्रेव्हन, मग डॉ. फ्रँकलिन. नॉर्टनचं नाव एकदाही आलं नाही. उलट कर्नलला सगळ्यांदेखत खाली बघावं लागल्यावर नॉर्टन हळहळतो तेव्हा, "हा एकटा माणुसकीचा दिसतोय," म्हणाली. थोड्याच वेळात कर्नलच्या बंदुकीतून गोळी सुटते आणि डेझीला लागते. ससा वाटला, असं कर्नल म्हणतो. डेझी वाचते, आणि नवरा-बायको पुन्हा जवळ येतात. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. त्या म्हाताऱ्याच्या मनात बायकोबद्दल प्रेमच होतं. रागाचा एक क्षण कोणीतरी बरोबर हेरून पेटवला होता, इतकंच.

आणि मग हेस्टिंग्ज. ज्युडिथ अॅलर्टनच्या नादी लागली अशी त्याची समजूत होते. होते म्हणजे करून दिली जाते. एक अर्धं वाक्य, एक दुर्बीण घाईने खाली घेणं, एक "नको, जाऊ दे". भला हेस्टिंग्ज अॅलर्टनला विष द्यायचं ठरवतो आणि तयारीही करतो. आत्या उठून उभी राहिली. "हा? हा असं करणार?" इतके भाग हेस्टिंग्जबरोबर काढल्याशिवाय त्या 'हा?'ला अर्थच आला नसता. कोणीही चिथवलं तर खून करू शकतो हे तत्त्व म्हणून ऐकणं वेगळं. ज्याला खोटं बोलायलासुद्धा जमत नाही असा माणूस डोळ्यांसमोर विष कालवताना दिसला की पोटात खड्डा पडतो.

त्या रात्री पॉयरो हेस्टिंग्जला आग्रहाने गरम चॉकलेट पाजतो आणि हेस्टिंग्ज सकाळपर्यंत झोपून राहतो. खून राहून जातो. "त्यात झोपेचं औषध होतं," आत्या लगेच म्हणाली. "पेशंटने सिस्टरला औषध पाजलं." अजून कथेत त्याचा खुलासा झाला नव्हता.

बार्बरा फ्रँकलिन मरते तीही विषाने. तिचा नवरा पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बीन या बीवर संशोधन करत असतो. तिथे पूर्वी आरोपीला ती खायला देऊन दोषी की निर्दोष ते ठरवत. तिच्यातून फायसोस्टिग्मिन निघतं. आत्याने ते नाव सबटायटलमध्ये वाचलं आणि म्हणाली, "एसरीन! डोळ्यांच्या वॉर्डात काचबिंदूला घालायचो की." तेच ते. बार्बराने विष नवऱ्याच्या कॉफीत घातलेलं असतं. कादंबरीत हेस्टिंग्ज शब्दकोड्यासाठी शेक्सपिअर शोधताना फिरतं पुस्तककपाट फिरवतो, त्यावरच्या कपांची जागा बदलते, आणि ती स्वतःचंच विष पिते. हेस्टिंग्जच्या हातून शेवटी एक जीव गेलाच, आणि त्याला ते कळलंही नाही. पॉयरो मात्र साक्ष देतो की बाटली बार्बराच्या हातात बघितली, आणि निकाल आत्महत्येचा लागतो. हे ऐकल्यावर आत्या माझ्याकडे वळली. "हा खोटं का बोलतोय?" इतक्या भागांचं बघणं या एका प्रश्नात उभं होतं. पॉयरो साक्षीत खोटं बोलत नसतो.

नॉर्टन कुलूपबंद खोलीत मेलेला सापडतो. हातात पिस्तूल, गोळी कपाळाच्या बरोब्बर मधोमध. आणि त्यानंतर पॉयरोचा मृत्यू. खोलीत तो एकटा, हातात जपमाळ, ओठांवर क्षमेची याचना.

मी पूर्वी बघितलं तेव्हा माझं लक्ष जपमाळेवर होतं. आत्याचं लक्ष औषधावर गेलं. "अॅमिल नायट्राइटच्या अॅम्प्यूल्स," ती हळूच म्हणाली. "छातीत दुखायला लागलं की रुमालात फोडायची आणि हुंगायची. उशाशी ठेवायची असते, हाताला लागेल अशी. दूर ठेवलीय त्याने." पुढे चार महिन्यांनी हेस्टिंग्जच्या हाती पत्र पडतं, त्यात पॉयरोने ते लिहिलेलंच आहे: अॅम्प्यूल्स मी बाजूला सारतोय, देवाच्या हाती सोपवतोय. पण पत्र येईपर्यंत आत्याला ते कळून चुकलं होतं. पुढची सगळी उकल ती पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून ऐकत राहिली.

'एक्स' म्हणजे नॉर्टन. त्याने कोणालाच मारलं नाही. तो शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तल्या इयागोसारखा नुसता बोलतो, आणि दुसऱ्याच्या मनातली सुरी धार लावून त्याच्याच हातात देतो. कुठलंही न्यायालय त्याला हात लावू शकत नाही. पॉयरो त्याला बोलावून तोंडावर सांगतो, तेव्हाही नॉर्टनला गंमतच वाटते. चॉकलेटचे कप बदलून मागतो. पॉयरोने दोन्ही कपांत औषध घातलेलं असतं. स्वतःला त्याची सवय आहे. मग चाकांच्या खुर्चीतून नॉर्टनला त्याच्या खोलीत नेतो, त्याचा झगा चढवून, लंगडत, नॉर्टनच आत गेला असं हेस्टिंग्जला भासवतो, आणि त्याला गोळी घालतो.

मधोमध. माझ्यासाठी अख्ख्या भागाचं मर्म इथे आहे. आत्महत्या वाटायला हवी तर कानशिलावर झाडायला हवी होती, हे पॉयरोला कळत नव्हतं का? पण दोन अंडी सारख्या आकाराची नसली तर ज्याला नाश्ता जात नाही, त्याला गोळी एका बाजूला झाडवली नाही. पहिल्या कादंबरीत, याच घरात, त्याला खून झालेल्या बाईंच्या झोपायच्या खोलीतल्या शेकोटीवरच्या वस्तू दुसऱ्यांदा सारख्या कराव्या लागल्या होत्या. त्याआधी एकदा त्याने त्या नीट लावलेल्या होत्या, म्हणजे मध्ये कोणीतरी हलवल्या, या एवढ्याशा गोष्टीवरून लपवलेलं पत्र सापडलं आणि खुनी पकडला गेला. ज्या सवयीने पहिला गुन्हेगार दाखवला, तीच सवय शेवटच्या गुन्हेगारावर बोट ठेवते. ख्रिस्तीबाईंनी हे दोन टोकांना बांधून ठेवलंय, आणि आदल्याच रात्री 'स्टाइल्स' बघितल्यामुळे ते आम्हाला अगदी ताजं होतं.

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. आत्याचं म्हणणं स्पष्ट होतं. "आमच्या हातात रोज माणसांचे जीव असायचे. बायकोला जाळून स्वतः भाजलेला नवरा वॉर्डात आला, तर त्याचंही सलाईन तितक्याच काळजीने लावायची. कोणी जगावं हे आपण ठरवायचं नाही. पॉयरोनेही ठरवायचं नव्हतं." मी विचारलं, मग नॉर्टनला सोडून द्यायचं? पुढचा हेस्टिंग्ज कोण, पुढची ज्युडिथ कोण? ती म्हणाली, "त्या सगळ्यांना गोळा करून सांगायचं की हा काड्या टाकतो. उघडं पाडायचं. कळ लावणारा उघडा पडला की त्याचं विष उतरतं. वॉर्डात अशी माणसं आम्ही बघितलीत. 'मला काही म्हणायचं नाही, पण...' असं म्हणत पाळीच्या पाळी पेटवून द्यायची. एकदा सगळ्यांसमोर बोललं की गप्प."

मला ते अजून पटलेलं नाही. पॉयरोकडे तेवढा वेळ नव्हता, आणि नॉर्टन वॉर्डातल्या माणसासारखा लाजणाराही नव्हता. पण एक गोष्ट तिने मला दाखवली. मी या शेवटाला आजवर त्याग म्हणत आले होते. आत्याच्या लेखी त्या दूर सारलेल्या अॅम्प्यूल्स म्हणजे शिक्षा होती. त्याने खटला चालवला, निकाल दिला, आणि शिक्षा दोघांनाही सारखीच दिली. दिग्दर्शिका हेटी मॅक्डॉनल्ड आणि एलियट यांनी जपमाळ शेवटपर्यंत त्याच्या हातात ठेवलीय ती याचसाठी असावी. त्याला निर्दोष ठरवायची घाई हा भाग कुठेच करत नाही, आणि म्हणूनच तो मला इतका खरा वाटतो.

दोन दिवसांनी आम्ही तो परत लावला. उत्तर माहीत असताना बघायची मजा वेगळी, आणि 'कर्टन'ला तर दुसऱ्यांदा बघितलंच पाहिजे. या खेपेला आत्या फक्त नॉर्टनला बघत होती. तो कोणाजवळ जाऊन बसतो, काय अर्धवट टाकतो, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आग दिसली की कसा अंग काढून घेतो. पहिल्यांदा माणुसकी वाटलेलं प्रत्येक वाक्य आता वेगळं ऐकू येत होतं. एइडन मॅक्आर्डलने ते काम इतकं बारीक केलंय, की एकही वाक्य तो खलनायकासारखं म्हणत नाही. आणि पॉयरो खुर्चीतून या सगळ्याकडे बघतोय. त्याला सुरुवातीपासून ठाऊक आहे, आणि हेस्टिंग्जला सांगता येत नाही.

एक भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता: 'डेड मॅन्स फॉली'. दाखवला गेला 'कर्टन'च्या आधी, पण चित्रित झाला सर्वांत शेवटी, २०१३ च्या जूनमध्ये. 'कर्टन' आधी उरकून घ्यायचा हा सूशेचाच आग्रह. पॉयरोला मारून त्याला सेटवरून घरी जायचं नव्हतं. आणि शेवटचं चित्रीकरण झालं ते डेव्हनमधल्या ग्रीनवेला, डार्ट नदीकाठच्या खुद्द ख्रिस्तीबाईंच्या घरी, जे त्यांनी १९३८ मध्ये घेतलं आणि ज्याच्यावरून या गोष्टीतलं घर बेतलं.

हे सांगून मी तो लावला. पॉयरो पुन्हा गुटगुटीत, छोट्या पावलांनी बागेतून चाललाय, त्याची रहस्यकथा लिहिणारी मैत्रीण मिसेस ऑलिव्हर त्याच्याशी बोलतेय. बोटहाउसमध्ये मुलीचं प्रेत सापडलं तेव्हा आत्याने थांबवायला लावलं आणि कोणावर संशय आहे ते सांगायला सुरुवात केली. या भागाचा शेवट मला नीट आठवत नव्हता, म्हणून मीही माझं नाव सांगून टाकलं.